गोविंदाच्या घरचं

१२ जुलै, शनिवार

श्रीविद्या म्हणते, "टीचर, दर शनिवारी काय घडलं ते चार ओळींत लिहून ठेवत जा." चार ओळींत माझं काय भागणार! आठवीपासून तिला हिंदी मी शिकवली, माझा स्वभाव तिला ठाऊक असायला हवा होता. तिच्यासाठी चार ओळी तमिळमध्ये लिहिल्या. बाकीचं इथे, मराठीत. पिढ्यानपिढ्या तमिळ मुलुखात राहिलेलं आमचं मराठी घर, त्यात देवनागरी वाचणारी मी एकटीच, त्यामुळे वाटेल ते लिहायला मोकळी.

श्रीविद्या आता वकील आहे. जुन्या किरकोळ खटल्यांचा डाग राहिल्यानं ज्यांना नोकरी मिळत नाही, त्यांचा डाग पुसता येतो का ते बघायचं, असं काम तिनं काढलंय. आमच्या मेलकावेरीतल्या भजनमठाची पुढची खोली, एक टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या. माझं काम सोपं. नाव, वडिलांचं नाव, काय झालं, एवढं विचारून लिहायचं.

सोपं कसलं! पहिलाच माणूस रामलिंग. भाताच्या गिरणीत रखवालदाराची जागा मिळतेय, पण पोलिसांचा दाखला आडवा आलाय. म्हणाला, "मामी, माझी केस कधीच संपली. विडुदलै झाली." विडुदलै म्हणजे सुटका, त्यात काय विचारायचं? मी लिहिलं, निर्दोष सुटला. श्रीविद्यानं ते खोडलं. रामलिंग दंड भरून घरी गेला होता. दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल केला आणि शिक्षा झाली, असा अर्थ म्हणे. "निर्दोष सुटणं वेगळं, जामिनावर सुटणं वेगळं, आणि दंड भरून सुटणं म्हणजे सुटणंच नाही, टीचर." मग तमिळमध्ये काय आणि आमच्या मराठीत काय, सगळ्याला एकच शब्द कशाला ठेवलाय? मला काही उलगडा होईना. रामलिंगलाही नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो.

नंतर एक बाई नवऱ्यासाठी आली. नवऱ्याचं नाव विचारलं तर गप्प. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "अहो, तिथं मुरुगन आहे, वल्ली आहे, मोरही आहे. यातला तुमचा कोण?" श्रीविद्या हसली. बाई नाही हसली.

१५ जुलै, मंगळवार

माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या रक्तदाबाच्या गोळ्या आज पुन्हा गोविंदाच्या नावानं आल्या. पार्सलवाला दारात ओरडतोय, "गोविंद राव घर?" गोविंदाला जाऊन दोन वर्षं झाली. माझा धाकटा भाऊ, त्याचं नाव असं रस्त्यावरून ऐकवत नाही. मी वैनींवर चिडले.

वैनी म्हणाल्या, "फोनांत विचारली ती मुलगी, कोणाचें घर म्हणून. मी काय सांगूं? गोविंदाचें घर म्हणून सांगितलें. देवाचें नांव, तोंडांत आलें तर पुण्यच की."

रुक्मिणीवैनी म्हणजे अण्णाची बायको. अण्णाचं नाव गोपालकृष्ण, ते त्या घेत नाहीत. आमच्या वडिलांचं व्यंकोजी, तेही घेत नाहीत. आणि आमच्याकडची रीत अशी की पहिल्या नातवाला आजोबांचं नाव. अण्णाचा मुलगा व्यंकोजी, गोविंदाचाही मुलगा व्यंकोजी. दोघांच्या नावाआधी लागणारं बापाचं आद्याक्षरही तेच, दोघांचा पत्ता तोच. वैनींना हाका मारायला नावच उरलं नाही, म्हणून त्यांनी अण्णाच्याला मुरली केलं, गोविंदाच्याला सूर्या. सूर्याची आई तो रांगत असताना गेली. दोघांना वैनींनीच वाढवलं, एका ताटात भरवलं.

मी लग्न केलं नाही, बापाच्या घरीच राहिले. घरची मुलगी असल्यानं मला सगळी नावं मोकळी.

१९ जुलै, शनिवार

आज टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत कोण येऊन बसावं? आमचा सूर्या.

मला वाटलं डबा द्यायला आलाय. तिरुचीच्या विमानतळावर सामान ओढणाऱ्या गाड्यांची दुरुस्ती करायची नोकरी त्याला लागली होती. पंपसेट दुरुस्त करत खेडोपाडी फिरण्यातून सुटणार म्हणून गेल्याच आठवड्यात वैनींनी पायसम केलं होतं. आता कंपनी म्हणते, पोलिसांच्या तपासणीत तुझ्यावर खटला निघाला आणि तू तर काही नाही म्हणून सही केलीस. नऊ वर्षांपूर्वी, महामहमच्या म्हणजे बारा वर्षांनी येणाऱ्या तळ्यातल्या स्नानपर्वाच्या वर्षी, तळ्याजवळ गाड्या लावण्यावरून मारामारी, एकाच्या हाताला टाके पडले. आरोपी व्यंकोजी राव, वडील गोविंद राव, राहणार मेलकावेरी. दंड भरला.

दंड भरला! म्हणजे तेच, न सुटलेलं सुटणं.

सूर्या म्हणतो, "अत्ते, मी नव्हतों तेथें. सेलमच्या हॉस्टेलांत होतों. एक दिवस आलों, स्नान केलों, रात्रीच्या बसला गेलों." कंपनीनं सप्टेंबरअखेर थांबायचं कबूल केलंय. तोवर डाग निघाला नाही तर जागा दुसऱ्याला.

मी त्या आठवड्यात इथे नव्हते. आडुतुरैला हिंदीच्या परीक्षेचं केंद्र होतं आणि गर्दीमुळे मैत्रिणीकडेच राहिले होते. मला काहीच माहीत नाही. पण दुसऱ्या कुठल्या गोविंद रावाचा मुलगा व्यंकोजी मेलकावेरीत राहतो?

२१ जुलै, सोमवार

सूर्याला खोदून खोदून विचारलं. त्याचं एकच, मी नव्हतो. शेवटी मी म्हटलं, "तुझ्या बापानं जन्मात कुणाला खोटं सांगितलं नाही." तो ताटावरून उठला. वैनी पळीतलं रसम हातात घेऊन उभ्याच राहिल्या. त्या मला रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी सूर्याचं ताट झाकून ठेवलं.

२३ जुलै, बुधवार

मुरली फार गुणी झालाय. आज न सांगता माझ्या खोलीतला पंखा उतरवून साफ केला. परवा मोसंबी आणली. एका शाळेची व्हॅन चालवतो, पोरांना शाळेत सोडून दमून येतो, तरी अत्तेला काय हवं, अत्तेचे डोळे कसे आहेत, शनिवारच्या टेबलावर कोण कोण येतं, सगळी चौकशी. एका भावावर संकट आलं की दुसरा असा जबाबदार होतो, बघून बरं वाटलं.

२६ जुलै, शनिवार

श्रीविद्या म्हणाली, "सूर्या खरं बोलत असेल तर दुसऱ्याच कुणाला धरून त्याचं नाव लागलंय. हॉस्टेलवाल्यांकडून काही मिळतं का बघते, पण त्यावर भागणार नाही. खरा माणूस कोण ते सांगितलं तर हे एका तारखेत निघेल." मग विचारलं, "घरात आणखी व्यंकोजी आहे का?"

"आहे की, मुरली. पण त्याचा बाप अण्णा. खटल्यात गोविंद लिहिलंय."

ती पेनाचं टोपण लावत-काढत बसली. मीही विचार केला. नावावरून चूक होईल, पण बापाच्या नावावरून कशी होईल? बाप का कुणी चुकवतो?

रामलिंगला गिरणीनं नाही म्हणून सांगितलं. तो तरीही आला होता, त्याला आणखी कुठे जायचं सुचलं नाही म्हणे.

३ ऑगस्ट, रविवार

आडी अठरा, म्हणजे आडी महिन्यातली नदीची पूजा. कावेरीला पाणी भरपूर आहे. दरवर्षी सगळे मिळून चित्रान्नाचे डबे घेऊन काठावर जातो. यंदा अण्णा, वैनी आणि मी. सूर्या आडुतुरैकडे कुणाचा पंप बघायला गेला, म्हणजे माझं तोंड नको म्हणून गेला. मुरली घरात असून आला नाही.

वैनींनी सूर्यासाठी चिंचेचा भात वेगळा काढून ठेवला आणि तो डबा मांडीवर घेऊन बसल्या. नदीत फुलं सोडायची राहिली, ती मी सोडली. डोळ्यांत पाणी का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "भाताला तिखट जास्त झालें." अण्णा म्हणाला, तिखट अजिबात नाही. मी दोन्ही चाखलं. अण्णाचं बरोबर होतं.

मला काहीतरी दिसत नाहीये. चष्मा डोक्यावर ठेवून शोधत हिंडावं तसं झालंय.

१७ ऑगस्ट, रविवार

गोविंदपुरम्‌ला जाऊन आलो, वैनी आणि मी. सूर्याच्या नोकरीसाठी विठोबाला अर्चना करायची त्यांच्या मनात होतं. पुजाऱ्यानं विचारलं, नाव? वैनी गप्प. नक्षत्र सांगितलं, नाव नाही. "गोविंदाचा मुलगा," म्हणाल्या. पुजाऱ्यानं तसंच म्हटलं. मग वैनी म्हणाल्या, आणखी एक अर्चना. पुन्हा नक्षत्र सांगितलं, आणि मी ओळखलं की हे मुरलीचं. पुजारी म्हणाला, हा कुणाचा मुलगा?

वैनींनी खाली बघितलं. "तोही गोविंदाच्याच घरचा."

मला हसू आवरेना. म्हटलं, "वैनी, तुम्ही तर सगळं घर गोविंदाच्या नावावर करून टाकलंत!" पुजारीही हसला. वैनींचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसल्या. थट्टा एवढी लागावी असं मी काय बोलले?

१८ ऑगस्ट, सोमवार

पहाटे दूध तापवताना कळलं. दूध उतू गेलं, मी बघत राहिले.

वैनी मागे उभ्या होत्या. मी विचारलं, "महामहमच्या वर्षी दारात कोण आलं होतं?"

त्यांनी आधी गॅस बंद केला. मग म्हणाल्या, "पोलिस. तुझे अण्णा आडतीवर होते. मुरली मागल्या खोलींत लपला होता. बरोबरचे पोर त्याचें नांव आधींच सांगून टाकले होते. मज विचारला, बापाचें नांव काय. तें मी कसें घेऊं, गायत्री? जन्मांत घेतलें नाहीं. पोलिस ओरडला. मी भ्यालें. गोविंदाचें घर म्हणालें. तो लिहून घेतला."

"आणि मुरली?"

"कोर्टांत व्यंकोजी म्हणून हाक आली, तो हात वर केला. दंड भर, सुटशील, म्हणून कोणी तरी सांगितलें. भरला. घरीं येऊन म्हणाला, अम्मा, सुटलों. तुझ्या अण्णांस, गोविंदास ठाऊक नाहीं. तुज तर सांगायाची भीतीच. संपलें म्हणून समजलें मी."

"सूर्यावर आलं तेव्हा कळलं नाही?"

"कळलें की. त्याच दिवशीं कळलें."

म्हणजे मी ज्या रात्री सूर्याला त्याच्या बापावरून बोलले, त्या रात्री त्यांना ठाऊक होतं. ओरडावंसं वाटलं. पण त्यांच्याकडे बघितलं आणि ओरडता येईना. एकाला वाचवायला त्या काही बोलल्या नव्हत्या. नुसतं एक नाव टाळलं होतं, जे त्या रोज सकाळपासून रात्रीपर्यंत टाळतात आणि मी रोज ऐकते. माझा सूर्या खोटं बोलत नव्हता. आणि माझा मुरली पंखा उगीच पुसत नव्हता.

आता कुणाच्या बाजूनं उभं राहायचं? दोघं माझ्या भावांची मुलं, दोघांवर माझ्या बापाचं नाव. 

२३ ऑगस्ट, शनिवार

सूर्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "राहूं द्या, अत्ते." मग म्हणाला, "मुरलीची व्हॅन जाईल का?" हेच मी स्वतःला विचारतेय. मुलांची ने-आण करणाऱ्यावर मारामारीचा डाग असला तर शाळा ठेवील का? श्रीविद्या म्हणते, बहुतेक नाही. मुरली तेव्हा एकोणीस वर्षांचा, पहिलाच गुन्हा. वरच्या कोर्टात जाऊन झालेला उशीर माफ करा, शिक्षेचा डाग नोकरीला लागू देऊ नका, असं मागता येईल. मिळेलच असं नाही, आणि वेळ लागेल.

घरात भांडण झालं. अण्णाला आजच कळलं. तो कुणावरच ओरडला नाही, नुसता उठून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसला. मुरली म्हणाला, "मी जाऊन सांगतों. मी मारलों, मीच सांगतों." वैनी मध्ये आल्या. "नको म्हणतें. दोन वर्षांनी पोट भरायला लागलास." मग सूर्याकडे बघितलं आणि पदर तोंडात धरला.

श्रीविद्याचं म्हणणं, मुरलीनं सांगून पुरणार नाही. भावाला वाचवायला आलाय असं कोर्ट म्हणेल. गोविंदाचं नाव कुठून आलं ते ज्यांनी सांगितलं त्यांनीच उभं राहून सांगायला हवं.

मी वैनींना म्हटलं नाही की सांगा. सांगू नका, असंही म्हणाले नाही. 

२ सप्टेंबर, मंगळवार

वैनी सकाळी न्हाऊन आल्या, देवापुढे दिवा लावला आणि म्हणाल्या, "त्या वकील मुलीला सांग, मी येतें."

एवढंच. दुपारी वाटली डाळ केली, त्यात मीठ घालायला विसरल्या. सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ली.

१० सप्टेंबर, बुधवार

कोर्टात वैनींनी मोठ्या पेटीतली अरक्क्याच्या, लाखेसारख्या तांबड्या काठाची साडी नेसली होती. अण्णा मागच्या बाकावर. सूर्या आणि मुरली भिंतीला टेकून, दोघांचे हात मागे बांधलेले, लहानपणी मार खाण्याआधी उभे राहायचे तसे.

श्रीविद्यानं विचारलं, वैनींनी सांगितलं, पोलिस आला, विचारलं, मी गोविंदाचं घर म्हणाले. तमिळ त्यांची माझ्यापेक्षा चांगली. न्यायाधीश बाई तरुण होत्या. म्हणाल्या, "मग त्या मुलाच्या वडिलांचं खरं नाव काय?"

वैनी थांबल्या. साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं थांबणं. मी उठले, न्यायाधीशांना म्हटलं, "अम्मा, मी सांगते, मी त्यांची..." न्यायाधीशांनी हातानं बसवलं. "त्यांनीच सांगायचं."

वैनींनी मागे वळून अण्णाकडे बघितलं. परवानगी मागतायत असं मला वाटलं. अण्णानं मान हलवली.

"गोपालकृष्ण राव," वैनी म्हणाल्या. मग विचारायच्या आतच पुढचंही. "मुलगा व्यंकोजी राव. मारामारी केला तो माझा मुलगा. सूर्या नव्हे."

परतताना रिक्षात त्या रडायला लागल्या, थांबेनात. मी समजावत होते. म्हटलं, "वैनी, नाव घेतल्यानं कुणाचं आयुष्य कमी होत नाही. अण्णा बघा, कसा ठणठणीत बसलाय." अण्णानंही हसवायचा प्रयत्न केला. "चाळीस वर्षं वाट पाहिलों. शेवटीं घेतलेंस तें कोर्टांत!"

वैनींनी डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मूल चुकीचं उत्तर देतं तेव्हा मी बघते तसं.

"ह्यांचें नांव घेतलें म्हणून रडतें होय? जन्मभर राखलेलें नांव, गायत्री. पहिल्यांदा तोंडांतून काढलें, तें मुलाला धरून द्यायाला."

 मला एवढं सरळ कसं कळलं नाही?

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सूर्याचं नाव निघालं. कोर्टाचा हुकूम श्रीविद्यानं कंपनीला पाठवला, पुढल्या सोमवारी हजर व्हायला सांगितलंय.

शाळेनं मुरलीला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. व्हॅनची किल्ली देऊन आला आणि अंगणातला नळ गळत होता तो दुरुस्त करत बसला. सूर्या त्याच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. पाना धरायला दोन माणसं लागत नाहीत, पण दोघांनी धरला होता.

२७ सप्टेंबर, शनिवार

घरी नवरात्राचा गोलू मांडलाय. यंदा बाहुल्या वैनींनी एकटीनंच लावल्या, राजा-राणी उलटसुलट बसलेत. मी बदलले नाहीत.

भजनमठात आज गर्दी होती. रामलिंगही होता. त्याचं अपील दाखल झालंय, तो आता आलेल्यांना पाणी देतो आणि सुटण्याचे प्रकार समजावून सांगतो. मला अजून नीट येत नाहीत, त्याला आले.

दुपारी समोरच्या खुर्चीत मुरली येऊन बसला. रांगेत उभा राहून आला होता, घरचा म्हणून पुढे घुसला नाही. मागे वैनी उभ्या. मी कोरा कागद घेतला. इतक्या शनिवारांची सवय, तरी पेन चालेना.

"नाव?"

"व्यंकोजी राव."

लिहिलं. पुढचा प्रश्न विचारायचा, उत्तर मला माझ्या जन्मापासून ठाऊक. तरी विचारायचा असतो. रीत आहे.

"वडिलांचं नाव?"

मुरलीनं तोंड उघडलं. त्याच्या आधी मागून वैनी बोलल्या. खोलीतल्या सगळ्यांनी वळून बघावं एवढ्या मोठ्यानं.

"गोपालकृष्ण राव. नीट लिही, गायत्री. गोपालकृष्ण राव."